डोंगरातून जाणारा सपाट कालवा

पाटबंधारे खात्यात उभी हयात कालव्यांवर गेली. कालव्यात बोट हाकायची हौस मात्र फिटली ती निवृत्तीनंतर, वेल्समध्ये जाणाऱ्या लॅनगॉलेन कालव्यावर. मुलगी मँचेस्टरला असते. तिनंच नॅरोबोट भाड्यानं ठरवून दिली. परवाना लागत नाही. बोटवाला थोडंफार शिकवतो आणि ते लांबलचक धूड तुमच्या हवाली करून निघून जातो. रुंदी जेमतेम दोन मीटर. त्यातच शेगडी, पलंग, न्हाणी. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोटीचं तोंड उजवीकडे वळतं. बायकोला हे माझ्याआधी जमलं. मग सुकाणू तिच्याकडे आणि लॉकची अंगमेहनत माझ्याकडे.

लॉक म्हणजे पाण्याचा जिना. बोट अरुंद हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं आणि लोखंडी हँडल फिरवून वरच्या झडपा उचलायच्या. पाणी भरेल तशी बोट वर येते. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत दार तसूभर हलत नाही. झाली की दाराच्या लाकडी दांड्याला पाठ लावून रेटायचं. 46 मैलांत अशी 21 लॉक आहेत. गंमत म्हणजे न्यू मार्टनची शेवटची दोन संपली, की पुढच्या खऱ्या डोंगराळ भागात एकही नाही! समपातळी धरून कालवा डोंगराच्या कडेकडेनं नेलाय. डोंगर आडवा आला तिथं बोगदा, दरी आली तिथं जलसेतू.

त्यातला पॉण्टकसल्टेचा जलसेतू 1805 मधला, टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांचा. डी नदीच्या 38 मीटर वर, उंच दगडी खांबांवर 307 मीटर लांबीची बिडाची पन्हळ. नुसत्या दगडमातीचा पाट फार जड झाला असता. एका बाजूला कठडा आणि पायवाट. ती पन्हळीतल्या पाण्यावरच बांधलीय, म्हणजे बोटीनं सारलेल्या पाण्याला तिच्याखालून मागं जायला वाट मिळते. हे पाहून मी मनोमन हात जोडले. दुसऱ्या बाजूला पन्हळीची वीतभर कड, की थेट दरी. ही मात्र सरळ समोर बघत बोट हाकत होती.

इथं घाई चालत नाही. मर्यादाच ताशी 4 मैल, आणि लॅनगॉलेनकडे जाताना पाण्याची ओढ समोरून. या ओढीनंच कालवा जगवला. 1944 च्या कायद्यानं तो वाहतुकीसाठी बंद ठरला होता. पण डीचं पाणी यातूनच हर्लस्टनच्या तलावाला जातं, म्हणून तो राहिला. पिण्याच्या पाण्यानं पर्यटन वाचवल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

लॅनगॉलेनच्या पुढं घोड्यानं ओढलेली बोट चालते. आम्ही काठानं चालत हॉर्सशू फॉल्सला गेलो. टेलफर्डनं बांधलेल्या त्या अर्धगोल बंधाऱ्यापाशी कालव्याचं मूळ आहे. शेजारी पाणी मोजायचं मीटरघर. मी तिथंच घोटाळत राहिलो, तेव्हा ही म्हणाली, “अहो, निवृत्त झालात ना?”