घड्याळ, रेषा आणि बचावपटूचा हात
लेखांक सहावा

22 नोव्हेंबर 1950 रोजी अमेरिकेच्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सला 19-18 असे हरवले. लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा त्या काळचा सर्वांत जबरदस्त सेंटर होता. त्याच्या हाती चेंडू लागूच द्यायचा नाही, म्हणून पिस्टन्सचे खेळाडू बास्केटकडे न जाता चेंडू आपल्याकडेच ठेवून वेळ काढत राहिले. लेकर्सच्या 18 गुणांपैकी 15 एकट्या मायकनचे. यात नियमभंग कुठेच नव्हता, आणि दुखणे नेमके तेच होते. सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बायसोन यांनी साधा हिशेब मांडला: सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंदांचा; रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे 120 वेळा बास्केटवर चेंडू मारतात; म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला 24 सेकंद. 1954-55 च्या हंगामात 24 सेकंदांच्या आत बास्केटवर चेंडू मारायला लावणारे हे घड्याळ आले आणि एका संघाची सामन्यामागची गुणांची सरासरी 79.5 वरून थेट 93.1 वर गेली.

याउलट तीन गुणांच्या रेषेचे पाहा. एनबीएने ती 1979-80 मध्ये आखली. पहिल्या हंगामात एक संघ एका सामन्यात तिच्याबाहेरून सरासरी तीन वेळाही चेंडू मारत नव्हता. आज तोच आकडा 37 च्या घरात आहे. हा फरक पडायला चार दशके का लागली? माझे मत असे की, सक्ती करणारा नियम खेळ लगेच बदलतो. मुभा देणारा नियम मात्र दुसऱ्या नियमांनी वाट मोकळी करेपर्यंत नुसता पडून राहतो. 1994 ते 1997 या तीन हंगामांत ही रेषा 22 फुटांवर आणली, तेव्हा दुरून मारण्याचे प्रमाण झपाट्याने वाढले. तरीही सरासरी गुण 101.4 वरून 96.9 पर्यंत घसरले. कारण बचावपटूचा हात आक्रमकाच्या अंगावर तसाच होता. चेंडू घेऊन येणाऱ्या गार्डच्या कमरेवर तळवा टेकवायचा, त्याला आपल्याला हवे तिकडे रेटायचे आणि त्याची गती मारायची, हा त्या काळच्या बचावाचा पाया होता. असे करायला बंदी नियमपुस्तकात आधीपासूनच होती, पण ती कसोशीने राबवली गेली 2004-05 पासून. त्या हंगामात सरासरी 93.4 वरून 97.2 झाली. फिनिक्सला नुकताच आलेला स्टीव्ह नॅश सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि आदल्या वर्षी 29 सामने जिंकलेल्या त्या संघाने 62 जिंकले.

यावर एक आक्षेप असा की, खेळाला खरे वळण टाळेबंद्यांनी दिले. 1998-99 चा हंगाम मालक-खेळाडूंच्या वादामुळे 50 सामन्यांवर आला आणि सरासरी 91.6 पर्यंत कोसळली, हे खरेच आहे. सराव तुटला, सामने दाटीवाटीने आले, दमलेल्या पायांनी नेम चुकतो. पण घसरण त्याआधीच सुरू होती, आणि पुढच्याच हंगामात आकडा 97.5 वर परतला. त्या वर्षी बचावपटूंच्या हातांवर निर्बंधही आले होते, त्यामुळे सगळे श्रेय विश्रांतीला देता येत नाही. 2011 च्या टाळेबंदीनंतर 66 सामन्यांचा हंगाम नाताळच्या दिवशी सुरू झाला. तेव्हा सरासरी 99.6 वरून 96.3 वर आली आणि पुढच्या वर्षी 98.1 झाली. टाळेबंदीने खेळाडूंचे शरीर थकते, डावपेच बदलत नाहीत. तिचे व्रण वर्षभरात भरतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दुरून मारण्याकडे झालेला हा बदल नियमांनी नव्हे, नेमबाज गार्ड स्टीफन करीने केला. त्याच्या नेमबाजीचे श्रेय कोणीही हिरावून घेऊ नये. पण तो 2009 मध्ये लीगमध्ये आला, तोवर गार्डच्या अंगावरचा हात निघाला होता. शिवाय 2001 पासून झोन बचावाला, म्हणजे ठरावीक खेळाडूऐवजी मैदानाचा ठरावीक भाग राखण्याला, परवानगी मिळाली होती आणि बास्केटजवळच्या पट्ट्यात बचावपटूला कोणाला अडवत नसताना तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबायला मनाई झाली होती. एका ताऱ्याला एका बाजूला मोकळे सोडून बाकीच्या चौघांनी बघत राहायचे, ही जुनी पद्धत झोनपुढे चालेना. झोन ताणायचा तर दुरून मारणारे हवेतच. करीसारखी प्रतिभा दुर्मीळ खरी, पण ती पंधरा वर्षे आधी आली असती तर तिला इतके मोकळे मैदान मिळाले नसते.

वाचकांनी 1990 च्या दशकातला एखादा सामना आणि आजचा सामना लागोपाठ पाहावा. चेंडूकडे न पाहता चेंडू आणणाऱ्या गार्डच्या कमरेकडे लक्ष ठेवावे. 2001 च्या झोनविषयी सविस्तर पुढील आठवड्यात.