टाइल्स किती घ्यायच्या? ‘दोन बाय दोन’चा हिशोब कुठे फसतो, समजून घ्या

घरकुलाचं बांधकाम प्लास्टरपर्यंत येतं तेव्हा हातातले पैसे बहुतेक संपत आलेले असतात. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये घराचं किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट आहे. सपाट भागासाठीचं मूळ अनुदान 1 लाख 20 हजार रुपये. अशा वेळी लाखांदूर किंवा मोहाडी तालुक्यातल्या एखाद्या गावातून दोन पेट्या कमी पडल्या म्हणून पुन्हा भंडाऱ्याला गाडी पाठवायची, तर भाडं वेगळं आणि मिस्त्रीची रोजी वेगळी.

एक खोली धरू, 12 बाय 14 फूट. क्षेत्रफळ 168 चौरस फूट. टाइल ‘दोन बाय दोन’ची, म्हणजे 4 चौरस फूट. 168 भागिले 4, उत्तर 42. चार टाइल्सची पेटी असेल तर 11 पेट्या. झालं?

नाही. बाजारात जिला ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती टाइल 600 बाय 600 मिलिमीटरची असते आणि दोन फूट म्हणजे 610 मिलिमीटर. त्यामुळे एक टाइल 3.87 चौरस फूटच झाकते आणि पेटी 16 नाही, 15.5 चौरस फूट. (दर चौरस फुटावर असेल तर बिलात 16 लावलेत की 15.5, तेही बघून घ्या.) आता 168 फुटांना 44 टाइल्स लागतात. तुटफूट आणि कटिंगचे 10 टक्के धरले की 48. चार इंची स्कर्टिंगला आणखी 5. एकूण 53, म्हणजे 14 पेट्या.

पण खरा फरक पडतो तो मांडणीने, आणि हे दुकानात सहसा कोणी विचारत नाही. या खोलीत एका बाजूला 6 आणि दुसऱ्या बाजूला 7 पूर्ण टाइल्स बसल्यावर दोन भिंतींपाशी जेमतेम दोन इंचांची पट्टी उरते. मिस्त्रीने ती पट्टी पलंगाखाली किंवा कपाटामागे लपवली, तर 13 पेट्यांतही काम होतं. पट्टी वाईट दिसते म्हणून त्याने टाइल्स मधोमध धरून चारही बाजूंना जवळपास अर्धे तुकडे लावले, तर 7 गुणिले 8, म्हणजे 56 टाइल्स लागतात. स्कर्टिंग उरलेल्या तुकड्यांतून निघतं, पण तुटफुटीसाठी पंधरावी पेटी घ्यावीच लागते. म्हणून ऑर्डर देण्याआधी मिस्त्रीला विचारा, सुरुवात कुठून करणार? तिरप्या डिझाइनला 10 ऐवजी 15 टक्के धरा.

माप प्लास्टर झाल्यावर घ्या, आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींचं घ्या. खोली क्वचितच काटकोनात असते, त्यामुळे मोठं माप धरायचं.

सगळ्या पेट्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, हे उतरवून घेतानाच तपासा. त्याच डिझाइनची पेटी नंतर आणली तरी रंगात फरक पडू शकतो, आणि तो लादी बसल्यावर जास्त दिसतो. न उघडलेली पेटी परत घेणार का, हे दुकानदाराला आधीच विचारून बिलावर लिहून घ्या. परत घेत असेल तर एक पेटी जास्तीची आणायला हरकत नाही.