परतीची तार

2000 साली छत्तीसगड वेगळे झाले आणि पुढील काही वर्षे मध्य प्रदेशाने विजेची मोठी टंचाई सोसली. 2003 च्या विधानसभा निवडणुकीत रस्ते व पाणी यांच्या जोडीने विजेचाही प्रश्न गाजला, हे आपणांस स्मरत असेल. अशा दिवसांत पुष्कळ कुटुंबांनी इन्व्हर्टर घेतले. घरातले वायरिंग मात्र पूर्वीचेच राहिले.

इंदूरच्या पलासियातले एखादे जुने घर डोळ्यांसमोर आणा. वीज फेजच्या तारेने दिव्याकडे जाते व न्यूट्रलच्या काळ्या तारेने परतते. काटकसरीपायी दिवे, पंखे आणि गीझर यांना मिळून एकच न्यूट्रल दिलेली असते. इन्व्हर्टर बसवताना दिव्या-पंख्यांची फेज वेगळी होते, न्यूट्रल सामाईकच राहते.

आता समजा, मेन स्विच बंद करून कारागीर गीझरच्या दुरुस्तीस लागला. वीज नाही, या समजुतीने तो न्यूट्रलचा सांधा सोडतो. परंतु पंखा इन्व्हर्टरवर फिरत आहे आणि त्याचा प्रवाह त्याच सांध्यातून परतत आहे. सांधा सुटताच दोन टोकांमध्ये 230 व्होल्टचा दाब उभा राहतो. दोन्ही टोकांना हात लागले, तर ते अंतर माणसाच्या देहानेच जोडले जाते. एवढ्या अल्प प्रवाहाने फ्यूज वितळत नाही. माणूस मात्र दगावू शकतो.

घरात आरसीसीबी हा गळतीरक्षक स्विच असेल, तर तो आधीच सूचना देतो. जाणारा व परतणारा प्रवाह यांत साधारण 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो वीज तोडतो. सामाईक न्यूट्रलमुळे प्रवाह भलत्याच वाटेने परततो आणि स्विच वरचेवर पडतो. त्याला कटकट समजून काढून टाकणे म्हणजे राखणदारालाच हाकलणे होय!

उपाय अवघड नाही. इन्व्हर्टरवरील दिव्या-पंख्यांना इन्व्हर्टरपासून स्वतंत्र न्यूट्रल ओढावी, तिची जोडपट्टीही निराळी ठेवावी आणि वाटेत ती दुसऱ्या न्यूट्रलला कोठेही जोडू नये. काम परवानाधारक वायरमनकडूनच करवावे. आरंभी मेन स्विच व इन्व्हर्टर दोन्ही बंद करून बॅटरीची तार सोडावी. अखेरीस दोन्ही न्यूट्रल मोकळ्या करून मीटरने तपासावे. त्यांच्यात जोड आढळता कामा नये. शेवटी मेन स्विचपाशी ‘घरात इन्व्हर्टर आहे’ अशी चिठ्ठी लावावी. उद्या येणाऱ्या अनोळखी कारागिराचे प्राण त्या तीन शब्दांनी वाचतील.