राजगीरचा रज्जुमार्ग

बिहार राज्यातील राजगीर हे नगर पाच टेकड्यांच्या कुशीत वसले आहे. प्राचीन काळचे राजगृह ते हेच. त्या वेळी ही मगध राज्याची राजधानी होती. जवळच्या गृध्रकूट शिखरावर भगवान बुद्ध शिष्यांना उपदेश करीत. त्यांच्या दर्शनासाठी राजा बिंबिसाराने डोंगरातून दगडी वाट बांधविली. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग येथे आला, तेव्हा त्याला या वाटेवर दोन लहान स्तूप दिसले. राजा एका जागी रथातून उतरून पायी निघे व दुसऱ्या जागी बरोबरचा समुदाय परत पाठवी, अशी त्यांची कथा त्याने नोंदविली आहे.

गृध्रकूटाशेजारी रत्नगिरी उभा आहे. त्याच्या माथ्यावर शुभ्र विश्वशांती स्तूप शोभतो. जपानमधील भिक्षू निचिदात्सु फुजी यांनी १९३३ साली वर्धा येथे महात्मा गांधींची भेट घेतली होती. पुढे १९४५ साली हिरोशिमा व नागासाकी ही नगरे अणुबाँबने उद्ध्वस्त झाली. त्यानंतर शांतिस्तूप उभारणे हेच फुजी गुरुजींनी आपले जीवितकार्य मानले. राजगीरच्या स्तूपाची कोनशिला १९६५ साली राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी बसविली. १९६९ साली राष्ट्रपती गिरी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

पायथ्यापासून स्तूपापर्यंत रज्जुमार्ग जातो. खालच्या व वरच्या स्थानकांत एकेक मोठे आडवे चाक असते. त्यांभोवती जाड पोलादी दोराचे अखंड कडे फिरत राहते. त्यांपैकी एक चाक विजेच्या यंत्राने फिरते. मधल्या खांबांवरील लहान चाके दोराला आधार देतात. दोराला ठराविक अंतरावर आसने टांगलेली असतात. उतरणाऱ्या आसनांचे वजन चढणाऱ्या आसनांना तोलून धरते. त्यामुळे यंत्रावरील भार पुष्कळच हलका होतो.

येथील जुन्या मार्गावर प्रत्येक आसन एकाच माणसापुरते आहे. आसने दोराला पक्की जखडलेली असल्यामुळे एकासाठी थांबायचे, तर सर्वांनाच थांबावे लागेल. म्हणून प्रवाशाने चालत्या आसनावरच बसावयाचे, सेवकाने पुढचा दांडा अडकवावयाचा व माथ्यावर पोहोचताच प्रवाशाने चटकन उतरून बाजूस व्हावयाचे. पायांखाली झाडी सरकत जाते आणि पाचही टेकड्या हळूहळू दृष्टीस पडतात. ज्यांना असे बसणे जमत नाही, त्यांच्यासाठी २०२१ साली बंद डब्यांचा दुसरा मार्ग सुरू झाला. ज्यांना हा चढ पायी चढवत नाही, अशा वृद्धांना व अशक्तांनाही आता स्तूपाचे दर्शन घडते.

रज्जुमार्ग रत्नगिरीवर संपतो. गृध्रकूटाला जाण्यासाठी तेथून पायऱ्यांनी चालतच जावे लागते. यंत्राने बरेचसे श्रम वाचविले. परंतु जेथे बिंबिसार रथ सोडून पायी गेला, तेथे आजचा यात्रेकरूही पायीच पोहोचतो.