अठराव्या वर्षीचं मत, अठ्ठाविशीत

एप्रिल 2015 मध्ये नवी मुंबई महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा नेरूळ-कोपरखैरण्यातल्या बारावीच्या वयाच्या मुलांचं मत महिन्या-दोन महिन्यांनी हुकलं. पुढे त्यांनी 2019 आणि 2024 मध्ये दोनदा खासदार आणि दोनदा आमदार निवडला. नगरसेवकासाठी मात्र त्यांचं पहिलं मत पडलं 15 जानेवारी 2026 ला, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी!

सभागृहाची मुदत 2020 मध्येच संपली होती. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद; तोवर कारभार प्रशासकाच्या हाती. सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यावर निवडणूक लागली, तीही 1 जुलै 2025 च्या मतदार यादीवर. त्यानंतर अठरा पूर्ण केलेले पुन्हा बाहेरच.

मतदानाचं वय 1989 मध्ये 61 व्या घटनादुरुस्तीने एकविसावरून अठरावर आलं. पण ज्या कलम 326 मध्ये हा बदल झाला, ते लोकसभा आणि विधानसभेपुरतंच आहे. महापालिकेचा मतदार कोण, हे राज्याचा कायदा ठरवतो. आपला कायदा विधानसभेचीच यादी उचलतो, म्हणून इथेही अठरा. उमेदवारीचं वय मात्र राज्यघटनेनेच पातळीनुसार वेगळं ठेवलंय: विधानसभा-लोकसभेला किमान पंचवीस, नगरसेवकाला एकवीस, राज्यसभेला तीस. घराजवळच्या कारभारात तरुणांना लवकर घ्यावं, हे तत्त्व आपल्याला परकं नाही.

मग मतदारालाही तेच का लागू नसावं? जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्याने 1996 मध्येच पालिका निवडणुकीत सोळा वर्षांच्या मुलांना मताधिकार दिला. तिथे संसदेसाठी वय अठराच आहे. स्कॉटलंडमध्येही स्थानिक निवडणुकांना सोळा, ब्रिटिश संसदेला अठरा.

वाशीच्या कॉलेजात अकरावीला जाणारी मुलगी रोज एनएमएमटीच्या बसची वाट पाहते, घरी मोरबे धरणाचं पाणी पिते, संध्याकाळी मैदानावर जागा शोधते. या तिन्ही गोष्टी महापालिकेच्या हातात. परराष्ट्र धोरणाबद्दल तिला आत्ताच विचारू नका. पण बस किती उशिरा येते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ही मुलं आई-वडील सांगतील तिथेच शिक्का मारतील, असा आक्षेप येतो. तो अठरा वर्षांच्यांवरही घेतला गेला होता, आणि बायकांवर त्याच्याही आधी.

सोळासाठी घटनादुरुस्ती नको, विधिमंडळाने पालिका कायदा बदलला तरी पुरे. त्याआधी पाच वर्षांची मुदत पाळली गेली पाहिजे. या सभागृहाची मुदत 2031 मध्ये संपेल; त्याआधी निवडणूक घेणं घटनेने बंधनकारकच केलंय. कायदा तोवर बदलला, तर आज सहावी-सातवीत असलेली मुलं त्या यादीत असतील.