एआयला ‘कोयता’ कळतो का?

दिवाळी झाली की आमच्या पालीवरून हायवेनं ट्रॅक्टर-ट्रक जायला लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, अंथरुणं, लेकरं आणि माणसं. ऊसतोडीचा सीझन सुरू झाला, हे कळायला बीड जिल्ह्यात कॅलेंडर लागत नाही. अशाच एका संध्याकाळी मोबाइल काढला आणि एका एआय टूलला सांगितलं, ‘ऊसतोड कामगाराच्या घरावर २२ मिनिटांचा मराठी मालिकेचा एपिसोड लिही.’

अर्ध्या मिनिटात सात सीन हजर! संवाद, पार्श्वसंगीताच्या सूचना, ब्रेकच्या आधीचा धक्का, सगळं जिथल्या तिथं. खरं सांगायचं तर रात्री टीव्हीवर लागलं असतं तर कुणाला शंकाही आली नसती. फक्त दुसऱ्या सीनमध्ये मुकादम नायकाला म्हणतो, ‘उद्या कोयता घेऊन ये,’ आणि आपला हिरो बाजारात जाऊन नवाकोरा कोयता विकत आणतो.

गल्लीतली एक मावशी दरवर्षी तोडीला जाते. तिला वाचून दाखवलं तर ती पोट धरून हसली. ‘आरं, कोयता म्हंजी नवरा-बायको!’

टोळीत माणसं अशीच मोजली जातात. जोडपं म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचलही त्याच हिशोबानं मिळते. म्हणून तर सीझनच्या तोंडावर पोरींची शाळा सुटते आणि कमी वयात लग्नं उरकली जातात. अख्खा एपिसोड त्या एका शब्दात होता आणि मशीन त्याला अवजार समजून पुढं निघून गेलं.

एआय मालिका लिहू शकतं का, हा प्रश्न आता कल्पनेतला राहिलेला नाही. मार्च २०२३ मध्ये ‘साऊथ पार्क’ या अमेरिकी कार्टून मालिकेचा ‘डीप लर्निंग’ हा भाग आला. त्यात लेखक म्हणून ट्रे पार्करसोबत चॅटजीपीटीचंही नाव होतं. शेवटाचा काही भाग त्यानं लिहिला होता. पण गोष्टच चॅटजीपीटीकडून मेसेज लिहून घेणाऱ्या पोरांची होती, त्यामुळं गुळगुळीत शेवट हाच तिथला विनोद ठरला. तो तिथं ठेवायचं डोकं माणसाचं होतं.

आपल्याकडं ऑक्टोबर २०२५ मध्ये जिओहॉटस्टारवर ‘महाभारत : एक धर्मयुद्ध’ आलं. १०० भागांची, एआयनं दृश्यं तयार केलेली मालिका. नंतर ती स्टार प्लसवरही दिसली. सेट नाही, घोडे नाहीत, हजारोंचं सैन्य मात्र आहे. भव्यता कुणी नाकारली नाही. पण प्रेक्षकांनी हस्तिनापूरच्या महालात आजच्या काळातलं बेडजवळचं टेबल शोधून काढलंच! ज्या महाभारताची हजारो चित्रं उपलब्ध आहेत, तिथं ही गत. उसाच्या फडाशेजारच्या कोपीचे फोटो मशीनला मिळणार किती?

आता दुसरी बाजूही सांगतो. कोयत्याचा अर्थ मी टूलला समजावला. पुढचा ड्राफ्ट चांगला आला, अगदी माझ्यापेक्षा बरा! मग मी केलं काय? एक शब्द सांगितला. पण तो मावशीनं सांगितला म्हणून मला सांगता आला. लेखनाचं काम कुठं सुरू होतं, हे त्या दिवशी कळलं.

काळजी वेगळीच आहे. मराठी मालिकेच्या टायटल्स बघा. कथा, पटकथा, संवाद अशी वेगवेगळी नावं असतात. नवखी पोरं-पोरी या लेखकांच्या हाताखाली सीन मांडतात, संवादाचे कच्चे ड्राफ्ट लिहितात, शिव्या खातात आणि शिकतात. एआय सगळ्यात आधी हेच काम उचलणार. पालीसारख्या गावातून मुंबईला जाणाऱ्यासाठी तीच तर पहिली पायरी. ती गेली तर वर चढायचं कुठून?

अमेरिकेतल्या लेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला. त्यातला एक मोठा मुद्दा एआयचा होता. करारात ठरलं, की एआयला लेखक मानायचं नाही, ते वापरायची लेखकावर सक्ती करायची नाही आणि एआयनं लिहिलेला मजकूर लेखकाच्या हाती देताना तसं सांगायचं. करारात टूलवर बंदी आली नाही, माणसाची जागा लिहून घेतली गेली. आपल्याकडं या क्षेत्रात जायचं स्वप्न बघणाऱ्यांनी कॅमेरा आणि प्रॉम्प्टसोबत करार वाचायलाही शिकलं पाहिजे.

तर एआय एपिसोड लिहू शकतं का? हो, पाहिल्यासारखा वाटणारा एपिसोड नक्की लिहू शकतं. आधी कुणी पाहिलाच नाही, असा एपिसोड हवा असेल तर कुणीतरी ट्रॉलीतल्या माणसांशी बोलावं लागेल.

एआयच्या शेवटात मुकादमाचं मन बदलतं आणि तो सगळी उचल माफ करतो. मावशीला तेही वाचून दाखवलं. यावेळी ती हसली नाही. ‘असं कुटं होतं का?’ एवढंच म्हणाली.

दोन दिवसांनी तीही गेली. पाडव्याच्या आसपास परत येईल. तिसरा ड्राफ्ट तोवर थांबवलाय.