सामान फुकट, पण कार्यशाळा फुकट नाही!

दसरा ते लक्ष्मीपूजन, साधारण वीस दिवस. घराघरात साफसफाई आणि फराळाची गडबड, आणि मुलांचं "आई, कंटाळा आला!" सुरू. छोटा व्यवसाय सुरू करायचा असेल तर हे दिवस सोन्याचे आहेत. शरद ऋतूतल्या नैसर्गिक वस्तूंपासून टेबलाची सजावट करायची मुलांची कार्यशाळा घ्या. भांडवल कमी लागतं. पण इथेच बहुतेक जण फसतात, कसं ते पुढे सांगतो.

कल्पना आपल्याच मातीतली

कोकणात अश्विन पौर्णिमेला, म्हणजे नवान्न पौर्णिमेला, दारावर 'नवं' बांधतात. भाताच्या लोंब्या, आंब्याची पानं, कुरडू, झेंडू. तेच साहित्य टेबलावर आणा. लोंबी आणि कुरडू वाळल्यावरही छान दिसतात, म्हणून सजावट दिवाळीभर टिकते.

मुलांसाठी तीनच पायऱ्या

१. काथ्याची किंवा सुतळीची चुंबळ करायची, म्हणजे करवंटी कलंडत नाही.
२. करवंटीत ओलसर शाडू माती दाबून भरायची.
३. त्यात लोंब्या, कुरडू, सुरूची फळं, गुलमोहराच्या शेंगेचे तुकडे खोचायचे.

माती वाळली की सगळं घट्ट बसतं. गोंद नको, ग्लू गन तर नकोच. झेंडू ताजा, घरी गेल्यावर ठेवायचा आणि कोमेजला की बदलायचा. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना दीड तास पुरतो. एक नियम पाळा: मुलाचं काम तुम्ही 'नीट' करून द्यायचं नाही. वाकडं झालं तरी ते त्याचं आहे. आलेल्या पाहुण्याला "हे मी केलं" असं मूल सांगतं ना, तीच तुमची जाहिरात!

सामान गोळा करताना

पडलेलं उचला, झाड ओरबाडू नका. लोंब्या शेतकऱ्याला विचारून, पैसे देऊन घ्या. राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्यातून काहीही आणायचं नाही. तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर किडे आणि बुरशी दोन्ही ग्राहकाच्या घरी पोचतील.

गुंज, एरंड, धोतरा आणि कण्हेर कितीही सुंदर दिसोत, मुलांच्या टेबलावर आणायचे नाहीत. चारही विषारी आहेत. धाकटं भावंडं सोबत येणार असेल तर सुट्ट्या बिया बाहेर ठेवू नका, घशात अडकतात. आणि पालकांना स्पष्ट सांगा, या सजावटीत पणती ठेवायची नाही. वाळलेली लोंबी लगेच पेट घेते.

आता खरा मुद्दा: फी

"सामान तर फुकटच आहे" म्हणून लोक फी अडीचशे ठेवतात. उदाहरण म्हणून दहा मुलांचा हिशोब मांडू:

- साहित्य, मुलामागे ६० रुपये: ६००
- जागेचं भाडं: ८००
- मदतनीस: ५००
- जाहिरात आणि पॅकिंग: ३००
- एकूण खर्च: २,२००

फी २५० घेतली तर जमा २,५०० आणि शिल्लक ३००. आता तुमचे तास मोजा. गोळा करणं, वाळवणं ५ तास, संच बांधणं २, कार्यशाळा आणि आवराआवर धरून ४. एकूण ११ तास. म्हणजे तासाला साधारण २७ रुपये! फी ४५० केली तर शिल्लक २,३००, तासाला जवळपास २०९. मेहनत तीच, सामान तेच.

पालक करवंटीचे पैसे देत नाहीत. स्वच्छ, सुरक्षित, आधीच तयार केलेल्या साहित्याचे आणि आपलं मूल दीड तास मोबाईलशिवाय रमलं, त्याचे देतात. तेच विका. जाहिरातीतही 'टाकाऊतून टिकाऊ' लिहू नका. 'तुमच्या मुलाने केलेली दिवाळीची सजावट' असं लिहा.

या आठवड्याचा गृहपाठ

ओळखीच्या दोन मुलांना घेऊन एक चाचणी करा. घड्याळ लावा, कुठे अडतात ते वहीत लिहा. मग स्वतःच्या गावातलं भाडं आणि मजुरी धरून वरचा हिशोब पुन्हा मांडा. तासाचा आकडा पटला, तरच तारीख जाहीर करा. चला, कामाला लागा!